या चातुर्मासात एवढा एक नेम करा

पावसाळ्याच्या तोंडावर हे आवाहन लिहितो आहे, त्याला कारण आहे. शहरातल्या आपल्या घरांत जून-जुलै म्हणजे छत्र्या, शाळेच्या नव्या वह्या आणि कांदाभजी. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात, धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत हाच काळ कणगी रिकामी होण्याचा असतो. गेल्या दिवाळीला घरात आलेले भात, नागली, ज्वारी होळीपर्यंत, फार तर वैशाखापर्यंत पुरते. मधल्या काळात माणसे वीटभट्टीवर, ऊसतोडीला, मिळेल त्या कामाला गेलेली असतात. पावसाची चाहूल लागली की भट्ट्या बंद होतात आणि कुटुंबे पाड्यावर परततात. मजुरीचा बराचसा भाग आधी घेतलेल्या उचलीतच वळता झालेला असतो. नवे पीक हाताशी यायला दसरा-दिवाळी उजाडते. हळवे भात जरा आधी, गरवे नंतर. तोवर पेज, आंबील आणि रानातली भाजी. शहरांत याच दिवसांत रानभाज्या महोत्सव भरतात आणि टाकळा-कुर्डूच्या जुडीला आपण कौतुकाने चढा भाव देतो. तिकडे त्या भाजीखेरीज ताटात दुसरे काही नसते.

आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चार महिन्यांत आपल्याकडे कांदा-लसूण-वांगे सोडतात, एकभुक्त राहण्याचा नेम धरतात. नेमक्या त्याच चार महिन्यांत राज्याच्या कडेकडेच्या डोंगरांत माणसे कुठलाही नेम न धरता एकभुक्त असतात. म्हणून माझे मागणे या चार महिन्यांपुरतेच आहे. उपासमारीशी आणि कुपोषणाशी झगडणारी एक संस्था निवडा, ती खरी आहे याची खात्री करून घ्या, आणि आपल्या फोनवरून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप तिच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था लावून द्या. रक्कम शंभर रुपये असो की पाच हजार. तारीख चुकता कामा नये, एवढेच.

भुकेचा हा हंगाम सरकारला ठाऊक नाही असे नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात तग धरता यावा म्हणून खावटी कर्ज योजना १९७८ पासून राज्यात होती. पुढे ती बंद पडली. कोरोनाच्या वर्षी ती एका वर्षासाठी अनुदान म्हणून परत आली, दर कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. घरातले धान्य संपल्यावर सावकाराच्या दारात जाणे टळावे, म्हणून ही खावटी. ती ज्या साली मिळत नाही त्या साली काय होते, ते अंगणवाडीत दिसते.

अंगणवाडी सेविकेकडे एक रंगीत फीत असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा डावा हात ती हातात घेते, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करते आणि त्या जागी फीत गुंडाळते. ओढून आवळायची नाही, सैल सोडायची नाही. फितीला छोटी खिडकी असते. तिच्यात हिरवा रंग दिसला तर मूल ठीक. पिवळा दिसला तर मध्यम कुपोषित, म्हणजे दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या आत. लाल दिसला तर साडेअकराच्याही आत, तीव्र कुपोषित. घरात शिवणकामाची टेप असेल तर साडेअकरा सेंटिमीटरचे कडे करून पाहा. तुमचा अंगठा आणि शेजारचे बोट जुळवल्यावर होणारे कडेही त्याहून मोठे भरेल. एवढ्या दंडाच्या मुलाला साधा जुलाब झाला तरी ते हातचे जाऊ शकते, आणि पावसाळा हा जुलाबाचाही हंगाम. त्यात आवणीचे दिवस. आई दिवसभर चिखलात वाकलेली, तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. घरात दाणा असला तरी दिवसातून चार वेळा भरवायचे कोणी?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे सांगतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची, आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली. रोडावलेल्या मुलांचा देशाचा आकडा आहे १९.३. म्हणजे आपले श्रीमंत राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. नंदुरबार जिल्ह्यात तर निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची निघाली. मंत्रालयापासून मोखाडा फार तर चार-पाच तासांच्या रस्त्यावर आहे.

इथे कुणी तरी विचारेलच की रेशन फुकट मिळते ना? मिळते. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य; जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हा मोठाच आधार आहे, तो नसता तर हा लेख निराळाच लिहावा लागला असता. पण रेशनच्या दुकानात जाऊन पाहा. गहू-तांदळाच्या पोत्यांपुढे एक ई-पॉस यंत्र ठेवलेले असते. कार्डधारकाने अंगठा ठेवायचा, यंत्राने तो वर कुठे तरी पडताळायचा, मग धान्य. रेंज असेल तर. नसेल तर पुन्हा अंगठा, पुसून पुन्हा अंगठा, मग उद्या या. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या त्या म्हाताऱ्यांची तर आणखी परवड. ज्या इंटरनेटवर आपण रात्री अकराला आइस्क्रीम मागवतो, त्याच इंटरनेटवाचून डोंगरातल्या बाईचे हक्काचे धान्य दुकानात पडून राहते. तिला दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून परत यावे लागते.

आणि धान्य मिळाले तरी ते गहू आणि तांदूळ. पोट भरते, दंड भरत नाही. मुलाच्या अंगावर मांस चढायला डाळ लागते, तेल लागते, अंडे, शेंगदाणे, दूध लागते, आणि तीव्र कुपोषित मुलाला तर औषधासारखा मोजून-मापून दिलेला दाट आहार लागतो. म्हणून एक विनंती आधीच करून ठेवतो: तांदळाची पोती, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे भरून टेम्पो पाठवू नका. आपल्याला दान केल्याचे समाधान मिळते आणि तिकडच्या कार्यकर्त्यांचे दोन दिवस ते उतरवून घेण्यात जातात. पैसे पाठवा. तिथे काय कमी आहे हे तिथल्या माणसाला कळते, आणि अंडी-डाळ तालुक्याच्या बाजारातून घेतली तर चार पैसे तिथल्याच दुकानदाराला मिळतात. किरकोळ बाजारात अंडे सात-आठ रुपयांना पडते. एका मुलाला महिनाभर रोज एक अंडे म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. आपल्या घरातल्या एका पिझ्झ्याहून कमीच.

अंड्यांवरून आठवले. शाळांमधल्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायला राज्याने २०२३ च्या अखेरीस सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी काढून घेण्यात आला, आणि शाळांना अंडी द्यायचीच असतील तर त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. निर्णय मला साफ चुकीचा वाटतो. मुलाच्या ताटातले अंडे गावाच्या ऐपतीवर सोडले की ज्या गावाला ऐपत नाही तिथली मुले कोरडी खिचडीच खाणार. पण निर्णय बदलेपर्यंत मुले वाढायची थांबत नाहीत. लोकसहभाग मागितलाच आहे, तर लोक आपणच आहोत.

अशा देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. यजमानीणबाईंचा जीव त्या दिवशी कळवळला का, हा प्रश्नच नसे. वार ठरलेला असे आणि ताट मांडले जाई. त्या मुलाला रविवारी रात्री झोपताना माहीत असे की उद्या कुठे जेवायचे आहे. या पद्धतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू लपवायचे कारण नाही. तो वार बहुतेक जातीतल्याच मुलाला मिळे. ज्याला पंगतीत जागा नव्हती त्याला वारही नव्हता. ती कोंडी कर्मवीर भाऊराव पाटलांनी फोडली. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली आणि त्यांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केले. तो मुष्टिफंड. एका मुठीने कोणाचे घर ओस पडत नाही, आणि ती रोज बाजूला पडली की वसतिगृह चालते. आज फोनवरून लावलेल्या मासिक देणगीत वाराची नियमितता आणि मुष्टिफंडाची मूठ, दोन्ही जमून येतात. शिवाय जेवणाऱ्याला देणाऱ्याच्या ओसरीवर उभे राहावे लागत नाही. मला हा त्या जुन्या रितीपेक्षा मोठा गुण वाटतो.

इंटरनेटच्या जगातही ही मूठ जुनीच आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या जॉन ब्रीन या संगणक प्रोग्रॅमरने १९९९ मध्ये 'द हंगर साइट' काढली: एक बटण दाबा, जाहिरातदार अन्नाचे पैसे भरतील. २००७ च्या ऑक्टोबरात त्यानेच 'फ्रीराइस' सुरू केले. इंग्रजी शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला की दहा दाणे तांदूळ जमा. पहिल्या दिवशी जमले ८३० दाणे, धड मूठभरही नाहीत. पुढे ते अब्जावधींवर गेले आणि २००९ मध्ये ब्रीनने हा सारा व्याप संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला. मुलांनी हा खेळ जरूर खेळावा, शब्द तरी वाढतील. मोठ्यांनी मात्र बटण दाबून सुटका करून घेऊ नये.

त्याहून बोलके उदाहरण सुदानचे. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सैन्य आणि निमलष्करी दलात युद्ध पेटले. मदतीच्या ट्रकांना वाट मिळेना, तेव्हा खार्टूमच्या मोहल्ल्यांतल्या तरुणांनी आपत्कालीन प्रतिसाद कक्ष उभे केले आणि मोठमोठ्या पातेल्यांची सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. परदेशात गेलेले सुदानी लोक 'बंकक' या बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवत, इकडे फोन वाजे आणि संध्याकाळी मसूर शिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातले नेटवर्कच कोसळले, आणि पैसे येईनात म्हणून कित्येक चुली विझल्या. या तरुणांना २०२५ मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. पातेले आणि फोन यांचे नाते किती थेट असते, हे त्यांनी जगाला दाखवले.

आपल्याकडे नेटवर्क आहे, यूपीआय आहे. खोट आहे ती आपल्या देण्याच्या पद्धतीत. आपण झटक्याने देतो. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे रस्त्यावर दिसले आणि मुंबई-पुण्यात जागोजागी चुली पेटल्या. पैसे ओतले गेले, तरुण पोरे रात्र-रात्र डबे भरत बसली. उत्तम केले. पण तांडे दिसेनासे झाले तसा पैशाचा ओघही आटला. वर्तमानपत्रात बालमृत्यूची बातमी येते, एखादा फोटो फिरतो, आठवडाभर देणग्या येतात, मग गणपती येतात.

आता हे संस्थेच्या बाजूने पाहा. तीव्र कुपोषित मूल पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. त्यासाठी पाड्यावर रोज जाणारी एक आरोग्यसेविका हवी, तिला दर महिन्याला पगार हवा. गाडीत डिझेल हवे. अंडीवाल्याला सांगावे लागते की सोमवार-गुरुवार इतके ट्रे. ऑगस्टमध्ये दोन लाख आले आणि सप्टेंबरमध्ये काहीच आले नाही, तर त्या दोन लाखांवर सेविका नेमायची कशी? नेमली तर पुढच्या महिन्यात तिला घरी पाठवायची? म्हणून एकदम मिळालेल्या दहा हजारांपेक्षा दर महिन्याला खात्रीने येणारे पाचशे रुपये हिशेब ठेवणाऱ्याला अधिक मोलाचे वाटतात. त्यावर आखणी करता येते. कौतुकाची पोस्ट कोणत्या महिन्यात पडली यावर मुलाचे वजन ठरू नये.

व्यवस्था लावायला दहा मिनिटेही लागत नाहीत. यूपीआय ऑटोपे ही सोय जुलै २०२० पासून आहे. ओटीटीचे किंवा विम्याचे पैसे तुमच्या खात्यातून बहुधा तसेच जातात. संस्थेच्या संकेतस्थळावर मासिक देणगीचा पर्याय निवडा. फोनवर मंजुरीचा पडदा येईल. त्यावर घेणाऱ्याचे नाव, रक्कम, किती दिवसांनी, आणि कधीपर्यंत, हे लिहिलेले असते. ते चारही नीट वाचा. शेवटची तारीख कार्तिकी एकादशीच्या पुढची टाका आणि मग पिन द्या. त्यानंतर पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन लागत नाही. पैसे जाण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते, आणि नको वाटले तर त्याच ॲपमधून मंजुरी रद्द करता येते, कुणाला फोन करून ओशाळे व्हावे लागत नाही. संस्थेकडे अशी सोय नसेल तर तिचा खाते क्रमांक घ्या आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दरमहाची स्थायी सूचना लावा. घरातल्या आजी-आजोबांना फोनचे जमत नसेल तर नातवंडांनी शेजारी बसून लावून द्यावे. पिन मात्र आजोबांनीच टाकावा.

कोणाला द्यायचे? मी कोणाचा प्रचारक नाही, पण नावे न घेता आवाहन करणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे. मेळघाटात पुण्याची मैत्री ही संस्था १९९७ पासून पावसाळ्यात धडक मोहीम चालवते. शहरातले स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी ऐन पावसात गावांत जाऊन राहतात. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांचा महान ट्रस्ट आहे. ते तिथे रुग्णालय चालवतात आणि गावपातळीवर कुपोषित मुलांवर उपचार करतात. खोज ही संस्था त्याच भागात रेशन, रोजगार, वनहक्क यांसाठी झगडते. भुकेचे मूळ तिथे आहे असे मानणाऱ्यांनी तिच्याकडे पाहावे. शहरातल्या भुकेसाठी मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक आहे. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली आणि आता गावोगाव पसरलेली रॉबिन हूड आर्मी तर पैसे घेतच नाही. उपाहारगृहांतले उरलेले चांगले अन्न पोचवायला तुमचा वेळ मागते. तुमच्या तालुक्यात याहून लहान, कुणाला नाव माहीत नसलेली आणि याहून गरजू संस्था असेलही. ती तुम्हीच शोधा, मला इथून दिसणार नाही.

शोधताना भोळेपणा नको. दुष्काळ, पूर, रोगराई आली की खोट्या देणग्यांचे पीक सर्वांत आधी येते. संस्थेला नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या पोर्टलवर तिचे नाव आहे का पाहा. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. खरी संस्था तो मागितल्याचा राग मानत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव उमटते ते संस्थेचे हवे. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर तिथेच थांबा, ती व्यक्ती कितीही मोठी समाजसेवक असो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा. फसलातच तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करा. निधी गोळा करणाऱ्या काही मंचांवर पैसे भरताना खाली मंचासाठीची 'टिप' आधीच भरून ठेवलेली असते. ती देणे तुमच्या मर्जीवर आहे. शून्यावर आणली तरी देणगी पोचते.

आणि व्हॉट्सॲपवरचा तो चिरंजीव निरोप: लग्नातले उरलेले अन्न न्यायला १०९८ वर फोन करा. कृपा करून तो पुढे पाठवू नका. १०९८ हा संकटात सापडलेल्या मुलांसाठीचा क्रमांक आहे. तिथे अन्न उचलून न्यायची सोय नाही, कधी नव्हती. तुमच्या पुलावासाठी लाइन अडली, त्याच वेळी फलाटावर हरवलेले पोर फोन लावत असेल. कार्याच्या आधी दोन दिवस जवळच्या रोटी बँकेशी बोलून ठेवले तर अन्न वाया जात नाही. रात्री साडेअकराला, वरण आंबायला लागल्यावर, कोणीच येऊ शकत नाही.

कराचे थोडक्यात. ८०जी म्हणून आपण जी सवलत ओळखतो ती जुनी करपद्धती निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तीही मिळत नाही. नुसत्या पावतीवर भागत नाही, संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या पद्धतीत असाल तर सवलत नाही. तरीही द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा गरजेचा, कारण इथे चांगल्या मनाने केलेली चूक संस्थेला भोवते. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी परकीय मानली जात नाही. पण अमेरिकेचे, ब्रिटनचे किंवा कुठलेही नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी तुम्ही कायद्याने परकीय देणगीदार. तुमचे पैसे फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच घेता येतात. चुलतभावाच्या खात्यातून परभारे पाठवायची युक्ती करू नका. उत्तर अमेरिकेत असाल तर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथे नोंदलेल्या संस्थेमार्फत देणे सरळ.

पैशांवाचून करण्यासारखेही पुष्कळ आहे. डोंगरातल्या संस्थेला हिशेबाचे सॉफ्टवेअर लावून देणारा लेखापाल हवा असतो, देणगीचे पान नीट चालते का पाहणारी संगणक अभियंता हवी असते, इंग्रजीत प्रस्ताव लिहून देणारा निवृत्त प्राध्यापक हवा असतो. हे सारे पुण्या-डोंबिवलीच्या घरात बसून, आठवड्याला दोन तासांत होते. महिलांच्या भिशीने दर महिन्याच्या सोडतीआधी एक वाटा बाजूला काढायचे ठरवले तर एका पाड्याची अंडी निघतात. गणेशोत्सव चातुर्मासातच येतो. मंडळांनी दानपेटीशेजारी एखाद्या पडताळलेल्या संस्थेचा क्यूआर कोड लावावा, आणि विसर्जनानंतर किती जमले ते फलकावर लिहावे. पितृपक्षात वडिलांच्या तिथीला अन्नदान करणाऱ्यांनी ती तिथी वार्षिक देणगीसाठी लावून ठेवावी.

तुमच्या पाहण्यातल्या शाळेत अंडी बंद झाली असतील, गावातले ई-पॉस यंत्र आठवडाभर मुके असेल, तर 'आपले सरकार'वर तक्रार नोंदवा, माहितीचा अधिकार ऑनलाइन वापरा. भूक हटवणे हे सरकारचेच काम आहे, यात वाद नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या याचिका उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालू आहेत त्या याचसाठी. पण 'हे सरकारचे काम' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी अर्ज केला, हे मला विचारावेसे वाटते. अर्ज करा आणि देणगीही द्या. एकाच फोनवरून दोन्ही होते.

एक गोष्ट मात्र करू नका. वाटी पुढे केलेल्या मुलाचा फोटो पुढे पाठवू नका. त्या मुलाला नाव आहे, गाव आहे, उद्या ते दहावी होईल, तेव्हा तो फोटो त्याच्या मागे लागलेला असेल. देणगीसाठी असे फोटो मागणाऱ्या देणगीदाराला संस्थेने नाही म्हणावे, आणि असे फोटो दाखवणाऱ्या संस्थेला आपण प्रश्न विचारावा. किती मुले लालमधून पिवळ्यात आली आणि पिवळ्यातून हिरव्यात गेली, हे दर महिन्याला चार ओळींत कळवा, एवढेच संस्थेकडे मागा.

आषाढी एकादशी जवळ आली आहे. वारीला जाणारे जातील, घरी राहणारे साबुदाणा भिजवतील. त्याआधी एक संस्था शोधून, तिची कागदपत्रे पाहून, पहिला हप्ता गेलेला असू द्या. फेडता येईल एवढीच रक्कम लावा, मोठी लावून दुसऱ्या महिन्यात रद्द करू नका. आणि लावल्यावर घरातल्या किंवा कचेरीतल्या आणखी एकाला, शक्य तर समोर बसवून, लावायला सांगा.